समुद्राच्या ओढीबरोबर: ड्रिफ्ट डायव्हिंग नवशिक्यांसाठी कितपत योग्य?

कोकणातील पाण्याखालचे पर्यटन किनाऱ्यालगतच्या खडकांपासून खुल्या समुद्राकडे सरकू लागले आहे. नौदलाच्या सेवेतून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीजवळच्या समुद्रात तिला तळाशी विसावू द्यावे आणि तिच्याभोवती पाण्याखालचे संग्रहालय व कृत्रिम प्रवाळखडक उभा करावा, अशी ही योजना आहे. त्याही पलीकडे, किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या प्रवाळपठाराविषयीचे पर्यटकांचे कुतूहल गेल्या काही वर्षांत वाढले आहे.

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे उथळ, आडोशाचे पाणी आणि ही नवी ठिकाणे यांत केवळ खोलीचा फरक नाही. मुख्य फरक आहे तो प्रवाहाचा. खुल्या समुद्रात पाणी वाहते, आणि वाहत्या पाण्यात बुडी मारण्याची एक स्वतंत्र रीत जगभर रूढ आहे. तिला ड्रिफ्ट डायव्हिंग म्हणतात. ही रीत अननुभवी डायव्हरला झेपते का, हा प्रश्न मालदीव किंवा इंडोनेशियाला जाणाऱ्या हौशी मंडळींपुरता आजवर मर्यादित होता. आता तो कोकणालाही विचारावा लागेल.

प्रवाहाविरुद्ध नव्हे, प्रवाहाबरोबर

नेहमीच्या डाइव्हमध्ये नौका नांगरलेली असते. डायव्हर नांगराच्या दोराने खाली उतरतो, परिसर पाहतो आणि त्याच दोराशी परत येतो. ड्रिफ्ट डायव्हिंगमध्ये नांगर टाकतच नाहीत. डायव्हरांचा गट एका ठिकाणी पाण्यात उतरतो, प्रवाह त्यांना खडकाच्या कडेने पुढे नेतो, नौका वरून त्यांचा माग काढत राहते आणि ते जेथे वर येतील तेथून त्यांना उचलून घेते. पाय फारसे मारावे लागत नाहीत. समोरचा देखावा आपोआप सरकत जातो.

त्यामुळे पाण्याखालचा मधला अर्धा तास पाहिला, तर ही डायव्हिंगची सर्वांत कमी श्रमाची रीत म्हणावी लागेल. मेक्सिकोतील कोझुमेल बेटावर जवळपास सर्वच डाइव्ह याच पद्धतीने होतात आणि नुकतेच प्रमाणपत्र मिळवलेले पर्यटकही त्यांत असतात. ‘पाडी’ या प्रशिक्षण संस्थेच्या ड्रिफ्ट डायव्हर अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यासाठी ओपन वॉटर हे पहिले प्रमाणपत्र आणि किमान बारा वर्षे वय एवढीच अट आहे. प्रत्यक्ष समुद्रातील डाइव्ह त्यात फक्त दोन. कागदावर पाहता नवशिक्यांना मनाई नाही.

तरीही या रीतीची गणना जोखमीच्या प्रकारांत होते, याचे कारण त्या मधल्या अर्ध्या तासात सापडत नाही. ते सापडते पहिल्या तीन मिनिटांत, शेवटच्या दहा मिनिटांत आणि वर थांबलेल्या नौकेत.

तिथीचा हिशेब

समुद्राचा प्रवाह म्हणजे नदीचा प्रवाह नव्हे, ही गोष्ट किनाऱ्यावर वाढलेल्यांना सांगावी लागत नाही. देशाच्या अंतर्भागातून येणाऱ्या पर्यटकाला मात्र ती सांगावी लागते. रायपूरच्या उरला औद्योगिक परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबापासून जवळात जवळचा समुद्रही रस्त्याने पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. वाहत्या पाण्याची त्यांची ओळख खारून नदीची. खारून शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला. पावसाळ्यात पाणी वाढते, उन्हाळ्यात आटते, पण दिशा बदलत नाही. विदर्भातील वैनगंगा-वर्धेचेही तेच. अशा नदीत पट्टीचा पोहणारा असलेला माणूससुद्धा समुद्राच्या पाण्यात नवखाच असतो, कारण तेथे प्रवाह दिवसातून चार वेळा दिशा पालटतो.

पश्चिम किनाऱ्यावर साधारण सव्वासहा तासांनी भरतीची ओहोटी आणि ओहोटीची भरती होते. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चढ-उतार सर्वाधिक, म्हणजे उधाण. अष्टमीच्या सुमारास सर्वांत कमी, म्हणजे भांग. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, हा कोकणचा जुना ठोकताळा आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. किनाऱ्यागणिक थोडा फरक पडतो, पण ज्या डायव्हरने भरतीचे वेळापत्रक कधी उघडले नाही त्याच्यापेक्षा हा हिशेब करणारा तांडेल नक्कीच अधिक जाणतो.

मालवणच्या परिसरात भरती-ओहोटीतील फरक दोन मीटरच्या आसपास असतो. खंभातच्या आखातातील दहा मीटरच्या तुलनेत तो नगण्य वाटेल. परंतु प्रवाहाचा वेग केवळ चढ-उतारावर ठरत नाही, वाट किती अरुंद आहे यावरही ठरतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तेथे सगळे पाणी एका मुखातून आत-बाहेर करते. खडकांच्या दोन रांगांमधील फटीत, किल्ल्याच्या टोकाशी, बेटाच्या कोपऱ्यावर पाण्याची ओढ एकदम वाढते. पावसाळा संपताच नदीचे पाणी ओहोटीला मिळालेले असते, तेव्हा ती आणखी तीव्र होते. ओढ लाटेसारखी दिसत नाही. वरून पाणी गुळगुळीत दिसत असतानाही खाली ती असू शकते, आणि नवख्याची फसगत येथेच होते.

हवेचा आणि अंतराचा हिशेब

प्रवाह किती वेगवान असला म्हणजे धोका, याचे उत्तर आकड्यांत देता येते. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. रस्त्यावर हा वेग चालणाऱ्या माणसाच्या निम्माही नाही. पण पाण्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. जॅकेट, सिलिंडर आणि नळ्या यांसह एक नॉटच्या प्रवाहाविरुद्ध जागच्या जागी राहणे सुदृढ डायव्हरलाही काही मिनिटांपलीकडे जमत नाही.

या झटापटीची किंमत हवेत मोजावी लागते. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. त्यातील ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव ठेवायची. उरली १८०० लिटर. वीस मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, म्हणून हवाही तिप्पट वेगाने संपते. शांतपणे श्वास घेणारा डायव्हर पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला २० लिटर वापरत असेल, तर ही हवा त्याला अर्धा तास पुरेल. घाबरलेला नवशिका ३० लिटर वापरतो. त्याला वीस मिनिटे. आणि प्रवाहाविरुद्ध पाय मारत धापा टाकणारा ५० लिटरवर गेला, तर बारा मिनिटांत त्याला राखीव साठ्याला हात घालावा लागेल.

हौशी डायव्हिंगमधील ९४७ मृत्यूंचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घटनांत अनर्थाची पहिली कडी निश्चित करता आली, त्यांपैकी ४१ टक्क्यांत ती हवा संपण्याची होती. शार्क, वादळ किंवा नादुरुस्त यंत्रे यांच्या कथा अधिक रंगतात. प्रत्यक्षात दाबमापकाकडे न पाहणे हा अधिक मोठा शत्रू ठरला आहे. प्रवाह एकट्याने क्वचितच जीव घेतो. तो नवख्याच्या हातून हीच चूक घडवून आणतो.

अंतराचे गणितही असेच. अर्ध्या नॉटचा प्रवाह चाळीस मिनिटांत डायव्हरला सुमारे सहाशे मीटर नेतो, एक नॉटचा सव्वा किलोमीटर, दोन नॉटचा अडीच. लाटा असलेल्या समुद्रात पाण्याबाहेर दिसते ते केवळ डोके, आणि ते काहीशे मीटरवरूनही नजरेस पडणे कठीण. यासाठी वर येण्यापूर्वीच लांबट नारिंगी फुगा दोरीने वर सोडण्याची पद्धत आहे. फुगा दिसला की नौका त्या दिशेने येते. पण हा फुगा सोडणे वाटते तितके सोपे नाही. पाच मीटर खोलीवर तीन मिनिटे स्थिर थांबायचे, खालचा खडक दिसेनासा झालेला, चहूकडे नुसते निळे पाणी, तशात फुग्यात हवा भरायची, दोरी गुंतू द्यायची नाही आणि फुग्याबरोबर आपणही वर खेचले जाणार नाही याची काळजी घ्यायची. चारच डाइव्हनंतर पहिले प्रमाणपत्र मिळवलेल्या व्यक्तीला, ज्याला पाण्यात एका पातळीवर तरंगत राहणेही अजून पुरते साधलेले नाही, हे सगळे एकाच वेळी करावे लागते.

सुरुवातीची तीन मिनिटेही तशीच निर्णायक. प्रवाहात गटाला एकदम आणि लगेच खाली जावे लागते. एकाच्या कानात दाब बसला, एकाला जॅकेटमधील हवा काढता आली नाही, की तो पृष्ठभागावर एका दिशेने आणि बाकीचे तळाशी दुसऱ्या दिशेने जातात. पृष्ठभागावरील आणि तळाजवळील पाण्याचा वेग बहुधा सारखा नसतो.

नौका चुकली की

जगभरातील गाजलेल्या घटना पाहिल्या तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. डायव्हर पाण्याखाली नव्हे, तर वर आल्यावर हरवतात.

फेब्रुवारी २०१४ मध्ये बालीजवळच्या लेम्बोंगान बेटाच्या परिसरात सात जपानी महिला ड्रिफ्ट डाइव्हसाठी उतरल्या. हवामान अचानक बिघडले आणि नौकेची व त्यांची चुकामूक झाली. पाच जणी तीन दिवसांनी जिवंत सापडल्या. दोघींचा मृत्यू झाला. या महिला नवशिक्या नव्हत्या, त्यांच्यात प्रशिक्षकही होत्या. त्यापूर्वी २००८ मध्ये कोमोडो परिसरात पाच युरोपीय डायव्हर वाहत जाऊन रिंचा बेटाला लागले आणि कोमोडो ड्रॅगनच्या सोबतीत दिवस काढून सुखरूप परतले.

नवशिक्यांच्या दृष्टीने अधिक बोलकी घटना एप्रिल २०२२ मधील आहे. मलेशियाच्या मर्सिंगजवळ नॉर्वेच्या एका प्रशिक्षिकेबरोबर तीन जण प्रशिक्षणाच्या डाइव्हसाठी उतरले होते. वर आले तेव्हा नौका जागेवर नव्हती. प्रवाहाने त्यांना वेगवेगळे केले. प्रशिक्षिका दुसऱ्या दिवशी सापडली, दोघे त्यानंतर दोन दिवसांनी. चौदा वर्षांचा मुलगा मात्र वाचू शकला नाही. त्यांनी ड्रिफ्ट डायव्हिंग निवडलेले नव्हते. ते त्यांच्या वाट्याला आले.

‘योग्य की अयोग्य’ या नेहमीच्या वादात हाच मुद्दा निसटतो. नवशिका प्रवाहाला सामोरा जातो तो बहुतेक वेळा स्वेच्छेने नव्हे. नांगराचा दोर हातून सुटला, गट पुढे गेला, पाणी अपेक्षेआधी पालटले, की साधी डाइव्ह ड्रिफ्ट डाइव्ह होते. फरक इतकाच की नौका तिच्या तयारीत नसते. जाणीवपूर्वक केलेल्या ड्रिफ्ट डाइव्हमध्ये निदान तांडेल इंजिन सुरू ठेवून वाट पाहत असतो. या अर्थाने सौम्य प्रवाहात, जाणत्या मार्गदर्शकाबरोबर केलेली ड्रिफ्ट डाइव्ह नवशिक्याला अधिक सुरक्षित करू शकते. प्रवाहाला विरोध न करता आडवे सरकावे, खडकाच्या आडोशाला जावे, ते न जमल्यास डाइव्ह सोडून वर यावे, हे वर्गात सांगून अंगवळणी पडत नाही.

कोकणाची परिस्थिती

कोझुमेलचे उदाहरण देऊन कोकणात सरसकट परवानगी मागणे मात्र चुकीचे ठरेल. तेथील पाण्यात कित्येकदा तीस मीटरपर्यंत दिसते. प्रवाह खडकाला समांतर वाहतो आणि शेकडो नौकांना अनेक दशकांचा सराव आहे. कोकण किनाऱ्यावर दृश्यमानता पुष्कळदा पाच-सात मीटरच्या आत असते. दहा मीटर मागे राहिलेला सोबती येथे दिसतच नाही. प्रवाह गटाला ताणतो आणि गढूळ पाणी तो ताण लपवते, असा हा दुहेरी प्रकार आहे.

मालवणला येणाऱ्या बहुसंख्य पर्यटकांना डायव्हर म्हणणेही खरे तर योग्य नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या सूचनांनंतर ते पाण्यात उतरतात. बहुधा एका पर्यटकामागे एक मार्गदर्शक असतो आणि तोच त्याचे जॅकेट, त्याची खोली, त्याची हवा सांभाळतो. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरातील उथळ खडकांवर, आडोशाच्या पाण्यात, ही पद्धत चालून जाते. हजारो कुटुंबांनी माशांचे थवे पाहिले ते याच रीतीने, आणि अनेक मच्छीमार तरुणांना त्यातून रोजगार मिळाला. पण ही पद्धत उचलून प्रवाहाच्या पाण्यात नेता येत नाही. तेथे मार्गदर्शकाचा एक हात पर्यटकाला धरण्यात गुंतलेला असतो आणि फुगा, दोरी, दिशा व दाबमापक यांसाठी एकच उरतो. प्रमाणपत्र नसलेल्या पर्यटकाला ड्रिफ्ट डाइव्हवर नेऊच नये, याबाबत मतभेदाला फारशी जागा नाही.

निवतीच्या प्रस्तावित नौकेचा प्रश्न याहून थोडा गुंतागुंतीचा आहे. बुडालेल्या नौकेवरील डाइव्ह ही ड्रिफ्ट डाइव्ह नव्हे. तेथे डायव्हरला वाहत जायचे नसते, जागेवर राहायचे असते. प्रवाह असेल तर नौकेपर्यंत पोचणे, तिच्या आडोशाला थांबणे आणि परत दोर गाठणे, हे सर्व त्याच्याविरुद्ध करावे लागते. नवशिक्यासाठी हे वाहत जाण्यापेक्षा कठीण आहे. म्हणून कायमस्वरूपी उतरण्याचे दोर, पाणी थांबण्याच्या वेळेभोवती आखलेले वेळापत्रक आणि दोर सुटलेल्यांना उचलण्यासाठी न नांगरलेली दुसरी नौका, या तीन गोष्टी तेथे पहिल्या दिवसापासून हव्यात. दुसरी नौका खर्चिक वाटते आणि बहुधा हंगाम संपत आला की वगळली जाते, असा जगातील अनेक केंद्रांचा अनुभव आहे.

नौका हा कोकणाचा दुखरा भाग आहेच. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखाली कोणालाही काही झाले नव्हते. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र बदललेला असताना नौका पाण्यात होती. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून पाण्यातील उपक्रमांच्या आयोजकांनाही नोंदणी बंधनकारक केली आहे, आणि तारकर्लीला महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. नियम आणि शिक्षण यांचा पाया असा तयार आहे. पण नोंदणीच्या कागदावर तांडेलाचे कसब मोजले जात नाही, आणि ड्रिफ्ट डायव्हिंगमध्ये सर्वांत महत्त्वाचा माणूस तोच असतो. प्रवाहात उतरलेल्या आठ जणांचे बुडबुडे चाळीस मिनिटे नजरेआड न होऊ देणे हे प्रशिक्षणाचे काम आहे, केवळ अनुभवाचे नाही.

१९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकी दाम्पत्य समुद्रातच राहून गेले. नौका परतली, आणि दोन माणसे कमी असल्याचे लक्षात यायला दोन दिवस लागले. ते दोघे कधीच सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये डायव्हरांच्या मोजणीचे नियम कडक झाले. मोजणीला ना यंत्र लागते ना निधी.

उत्तर कोणासाठी काय

पहिले प्रमाणपत्र मिळवलेल्या, वीसएक डाइव्ह झालेल्या आणि पाण्यात एका पातळीवर स्थिर राहता येणाऱ्या व्यक्तीने अर्ध्या नॉटच्या आसपासच्या प्रवाहात, स्वच्छ पाण्यात, चार जणांपेक्षा लहान गटात ड्रिफ्ट डाइव्ह करण्यास हरकत नसावी. वीस हा आकडा कोणत्याही नियमातला नाही. काहींना दहा पुरतात, काहींना पन्नासही कमी पडतात. मात्र मालदीवमधील दोन प्रवाळबेटांमधल्या खाड्या, कोमोडो किंवा पलाऊ येथील वेगवान प्रवाह, जेथे डायव्हर खडकाला आकडा अडकवून थांबतात आणि जेथे पाणी खालच्या दिशेनेही ओढते, ती ठिकाणे अशा व्यक्तीने पुढे ढकलावीत. केंद्रचालक ‘काळजी करू नका, आम्ही आहोत’ म्हणाला, तर नौकेवर कोण थांबणार आणि फुगे कितीजणांकडे आहेत, हे त्याला विचारावे.

दूरवरून येणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. एकाच डाइव्हनंतर किमान बारा तास आणि एकाहून अधिक डाइव्हनंतर अठरा तास विमानप्रवास टाळावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. २०२१ मध्ये चिपी विमानतळ सुरू झाल्यापासून सकाळी डाइव्ह आणि दुपारी विमान असा बेत आखण्याचा मोह वाढला आहे. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचा त्रास झालाच, तर उपचारासाठी लागणारा उच्चदाब कक्ष मुंबईच्या ‘आयएनएचएस अश्विनी’ या नौदल रुग्णालयात आहे, आणि मालवणहून मुंबई रस्त्याने सुमारे पाचशे किलोमीटर.

सुट्टीच्या तारखा निवडतानाही पंचांग पाहिलेले बरे. नागपूर, रायपूर, इंदूरकडील कुटुंबे कोकणात सर्वाधिक येतात ती दिवाळीत. लक्ष्मीपूजन अमावास्येला, आणि उधाणाचा जोर अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी, म्हणजे नेमका पाडवा-भाऊबीजेच्या सुमारास असतो. नद्यांना पावसाळ्याचे पाणी अजून असते आणि नौका भरलेल्या असतात. त्याच आठवड्याच्या शेवटी, कार्तिक शुद्ध अष्टमीच्या आसपास, भांगाचे पाणी लागते आणि त्याच खडकांवरची ओढ बरीच मंदावलेली असते.